घाण्याचं शेंगदाणा तेल रोजच्या स्वयंपाकाला चालतं का? ते इतकं महाग का असतं?

रोजच्या भाजी-आमटीला बिनधास्त वापरा. आमच्या घरी फोडणी, थालीपीठ, उपवासाची साबुदाणा खिचडी सगळं त्याच तेलात होतं. पण त्याची खरी चव कच्च्यात आहे. गरम ज्वारीची भाकरी, खर्डा आणि वरून तेलाची धार. खर्डा तेल पिऊन जरा सैल झाला की दाण्यांचा वास येतो. रिफाइंड तेलाला तो वास नसतोच, कारण रिफाइंड करताना रंग-वास काढूनच टाकतात.

तळणाला मात्र मी घाण्याचं घेत नाही. ते कढईत फेसाळतं आणि रिफाइंडपेक्षा लवकर धुरावतं. दिवाळीच्या चकल्यांना रिफाइंड शेंगदाणा तेलच बरं.

किमतीचं म्हणाल तर सरळ हिशोब करा. घाण्यावर एक किलो तेलाला साधारण अडीच किलो दाणे लागतात. तुमच्या बाजारातला दाण्यांचा भाव अडीचने गुणा आणि पेंडीचे पैसे वजा करा. त्याहूनही स्वस्तात कुणी ‘शुद्ध घाण्याचं’ विकत असेल, तर मी तरी घेणार नाही. डब्यावर किलो लिहिलंय की लिटर, तेही बघा. लिटरभर तेल जेमतेम ९१० ग्रॅम भरतं, म्हणजे १५ लिटरच्या डब्यात १५ किलोच्या डब्यापेक्षा सव्वा किलोहून जास्त तेल कमी असतं.

स्वतः दाणे देऊन तेल काढून घेणार असाल तर ते आधी निवडा. काळपट, बुरशी लागलेला दाणा एकही जाऊ देऊ नका. त्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष काही प्रमाणात तेलात उतरतं. रिफाइंड करताना ते बरंचसं निघतं, घाण्यावर मात्र नाही.

तेल आणल्यावर दोन-तीन दिवस न हलवता ठेवा. गाळ खाली बसला की वरचं नितळ तेल काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात काढून अंधाऱ्या जागी ठेवा, उन्हात खवट होतं. फ्रिजमध्ये ते थिजतं, त्यावरून भेसळ आहे असं समजू नका.

आणि एक अगदी महत्त्वाचं. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेलं कुणी जेवायला येणार असेल तर हे तेल त्यांच्या कुठल्याच पदार्थात नको. त्यात दाण्यातली प्रथिनं राहतात आणि फोडणीपुरतं तेलही त्रासाला पुरेसं होऊ शकतं.