आयनूतला 'नि' आणि किकुयूतला 'नि' मुळात एकच शब्द असेल का?

आयनू ही उत्तर जपानमधल्या मूळ रहिवाशांची भाषा, किकुयू केनियातली. दोन्हीकडे 'नि' आहे, अर्थ वेगळे, म्हणजे काहीतरी जुनं नातं असणार असं तुम्ही विचारताय. नाही हो. आणि हे मी आमच्या साडूंना दोन वर्षं सांगतोय.

साडू जपानच्या होक्काइदो बेटाची सहल करून आले तेव्हा त्यांच्याकडे जेवायला होतो. आयनूत 'नि' म्हणजे झाड, लाकूड, हे ते तिकडून शिकून आलेले. मी नायरोबीत चार वर्षं काढलेली, त्यामुळे बोलून गेलो की किकुयूत 'नि' म्हणजे 'आहे'. झालं! आमरसाने माखलेलं बोट हवेत नाचवत साडू म्हणाले, "झाड म्हणजे अस्तित्व, अस्तित्व म्हणजे आहे. एकच धातू!" मेहुणी कौतुकाने बघतेय.

मी म्हटलं, अहो, किकुयू लिहिताना त्या स्वरावर नागमोडी रेघ असते, उच्चार 'ने'कडे झुकतो. 'झाड आहे' याला ते म्हणतात 'ने मोते'. झाड म्हणजे मोते! "उच्चार काय, बदलतात," साडू म्हणाले आणि पुरी वाढून घेतली.

आठवड्याने फॅमिली ग्रुपवर त्यांचा हुकमी एक्का आला. होक्काइदोतलं वाक्कानाइ म्हणजे आयनूत थंड पाण्याचा ओहोळ, नायरोबी म्हणजेही थंड पाणी, दोन्हीत 'नाइ'. खोटं कशाला बोलू, मी चाट पडलो. जुन्या किकुयू सहकाऱ्याला फोन केला तर तो हसतच सुटला. नायरोबी हा त्यांचा शब्दच नाही, शेजारच्या मासाई लोकांचा आहे. मूळ 'एन्कारे नायरोबी'. पाणी म्हणजे एन्कारे, ते गळालं आणि नुसतं 'थंड' उरलं. वाक्कानाइचं उलट: आधी 'यम' होतं, म्हणजे थंड, तेच गळालं. तिथलं 'नाइ' म्हणजे ओहोळ. नायरोबीतून 'नाइ' कापून काढला तर हातात काहीच येत नाही.

आयनूत स्वर 5, व्यंजनं जेमतेम डझनभर. किकुयूत स्वर 7. एवढ्या भांडवलात एकाक्षरी शब्द जुळणारच. 'चहा नि बिस्किट'मध्ये आपलाही आहे की! नातं सांगायचं तर शेकडो शब्दांत ध्वनींचा तोच तो बदल नियमाने दिसावा लागतो. एका शब्दावर सोयरीक जुळत नाही.

हां, शेजार असेल तर उसनवारी होते, ते मान्य. समुद्री पाणमांजराला जपानीत 'राक्को' म्हणतात, तो शब्द आयनूंकडूनच आलेला. पण केनिया आणि होक्काइदोचा कसला शेजार?

तुम्हाला अशा जुळणाऱ्या शब्दांची यादी कुणी पाठवली असेल, तर आधी विचारा की ती नागमोडी रेघ कुठे गेली. आमच्या साडूंच्या यादीत ती अजून आलेली नाही.