टक्के कशाचे?

प्रश्न : सर, आमची द्राक्षबाग तासगाव तालुक्यात आहे. यंदा थोडा माल भाड्याच्या शेडवर बेदाण्याला टाकला. कृषी पदवीधर पुतण्या म्हणाला, ताज्या द्राक्षात 80 टक्के पाणी असतं. काही दिवसांनी त्यानेच सांगितलं, आता पाणी 60 टक्क्यांवर आलंय. म्हणजे 20 टक्के पाणी उडालं. मग 100 किलोचे 80 किलो राहायला हवेत ना? काट्यावर भरले 50! वडील म्हणतात, शेडवाल्याने रातोरात माल हलवला. जाब विचारावा का?

उत्तर : थांबा, भांडण काढू नका. पुतण्याचे आकडे बरोबर असतील, तर वजन 50 किलोच भरायला हवं. 80 भरलं असतं तर मात्र मला शंका आली असती.

पाण्याकडे बघत राहिलात म्हणून घोळ झाला. जे उडत नाही त्याच्याकडे बघा. 100 किलो द्राक्षात 80 किलो पाणी, उरलेला 20 किलो ऐवज म्हणजे मुख्यतः साखर. डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यातून मणी काढले की सालीवरचा मेणचट थर सुटतो आणि जाळीवर वारा पाणी झपाट्याने ओढून नेतो. वारा साखर नेत नाही. ते 20 किलो पहिल्या दिवशीही 20 आणि शेवटच्या दिवशीही 20.

आता पाणी 60 टक्के, म्हणजे कोरडा ऐवज 40 टक्के. 20 किलो हे कितीचे 40 टक्के? पन्नासचे. संपलं.

तुमच्या 80 किलोंत 20 किलो ऐवज आणि 60 किलो पाणी असतं. हे 60 किलो आणि पुतण्याचे 60 टक्के तुम्ही एकच धरलेत. पण 80 किलोंतलं 60 किलो पाणी म्हणजे 75 टक्के!

पुढचं आणखी गमतीचं. पाणी 60 वरून 20 टक्क्यांवर येईल तेव्हा वजन किती? 25 किलो. म्हणजे टक्केवारी पहिल्यांदा 20 ने उतरली तेव्हा 50 किलो पाणी गेलं. नंतर 40 ने उतरली तेव्हा फक्त 25. तयार बेदाण्यात पाणी 15 टक्क्यांच्या आसपास धरलं, तर हाती साडेतेवीस किलो. ‘चार किलोला एक किलो’ हा उतारा तुमच्या वडिलांना तोंडपाठ असणार. त्यात त्यांना आजवर चोरी दिसली नाही, मग अर्ध्या वाटेवरच का दिसावी?

पुतण्याला छळायचं असेल तर विचारा : 99 टक्के पाणी असलेली 100 किलोची वस्तू वाळवून पाणी 98 टक्के केलं, तर वजन किती? बहुतेक जण 99 किलो म्हणतात. उत्तर 50 आहे. कोरडा भाग एकाचा दोन टक्के झाला, दुप्पट झाला!

प्रश्न : आमच्या ऑफिसात 30 जण आहोत. एकाने पैज लावली की दोघांचा तरी वाढदिवस एकाच तारखेला असणार, आणि जिंकला. 365 दिवसांत 30 माणसं. हा नशिबाचा खेळ की त्याने आधीच याद्या चाळल्या होत्या? (ठाणे)

उत्तर : याद्या चाळायची गरज नव्हती. तुम्ही माणसं मोजलीत, जोड्या मोजायला हव्या होत्या. 30 जणांच्या जोड्या होतात 435. त्यातली एखादी तरी जुळण्याची शक्यता 70 टक्क्यांहून अधिक. 23 जण असते तरी ती निम्म्याच्या किंचित वर गेली असती. तुम्हाला हे अशक्य वाटतं, कारण तुम्ही मनात स्वतःची तारीख धरता. ती 29 जणांपैकी कुणाशी जुळण्याची शक्यता जेमतेम 8 टक्के आहे, पण पैज त्यावर नव्हतीच.

आणि तारखा शाळेच्या दाखल्यावरून घेतल्या असतील आणि ऑफिसात निवृत्तीला टेकलेली दोन-चार मंडळी असतील, तर पैज लावणारा आणखी निर्धास्त असणार. त्या पिढीत गुरुजींनी 1 जून ही तारीख किती सढळ हाताने वाटली आहे, हे कुठल्याही मुख्याध्यापकांना विचारा.