चेतापेशीचं मॉडेल करायचंय? थर्माकोल आणू नकोस

नववीला चेतासंस्था शिकवणार आहेस ना, मग सामान गावातच मिळेल. अक्षतंतूला, म्हणजे संदेश पुढे नेणाऱ्या लांब धाग्याला, सुंभ घे. एक टोक पिंजलं की वृक्षिका (संदेश घेणारे फाटे), दुसरं पिंजलं की अंत्यशाखा (संदेश पुढे देणारे फाटे). पेशीकायाला अर्धी करवंटी, आत केंद्रक म्हणून सुपारी. मातीचा गोळा नको, आपल्याकडे पावसाळ्यात तो वाळतच नाही. पपईच्या पानाचा देठ पोकळ असतो. त्याचे तुकडे सुंभात ओव, मधे थोडी थोडी फट ठेव. हे मायलिन, अक्षतंतूवरचं आवरण. संदेश फटीफटींवरून उडी घेत जातो, म्हणून जाड मायलिनयुक्त तंतूत वेग सेकंदाला १०० मीटरच्या वर जातो. आवरण नसलेल्या तंतूत जेमतेम १-२ मीटर.

खरा वेळ संपर्कस्थानाला दे, म्हणजे एका चेतापेशीकडून दुसरीकडे संदेश जातो त्या जागेला. मुलं दोन सुंभांना हटकून गाठ मारतात. मारू देऊ नकोस! रासायनिक संपर्कस्थानात पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात, साधारण २० नॅनोमीटरची फट असते आणि संदेश रसायनांनी पलीकडे जातो. अंत्यशाखांकडून पुढच्या वृक्षिकांवर रसायनं म्हणून चिंचोके टाकायला लाव, म्हणजे दिशा एकच हे त्यांना दिसतं.

रंगकामाला गुण देऊ नकोस. प्रत्येकाला मॉडेल हातात धरून बोलायला लाव. गप्प बसणारी मुलंही बोलतात, आणि कुठे अडतंय ते तुला लगेच कळतं.