वाचकांचे प्रश्न : रेणू तेच, मग फरक कशात?

प्रश्न : आईच्या स्तनातील गाठीच्या बायोप्सीच्या अहवालात ‘हर-टू : ३+’ असे लिहिले आहे. त्यावरचे अँटीबॉडीचे औषध सुरू करण्याआधी डॉक्टरांनी हृदयाची टू-डी इको तपासणी सांगितली. औषध जर कर्करोगाच्या पेशीवरचा रेणू ओळखून काम करते, तर त्यात हृदयाचा संबंध कुठे येतो? कर्करोगाच्या पेशीच्या पटलावरचे रेणू वेगळे नसतात का?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : कर्करोगाच्या पेशीवर ‘वेगळे’ रेणू असतात, असे आरोग्यविषयक लेखांत इतक्या वेळा लिहिले जाते की आपला समज तसा होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात बहुतेक रेणू तेच असतात. त्यांची संख्या किंवा जागा बदललेली असते, नाहीतर त्यांची घडण अर्धवट राहिलेली असते.

हर-टू हे पेशीपटलात आरपार बसलेले प्रथिन असून वाढीचा संदेश पेशीच्या आत पोहोचवण्यात त्याचा वाटा असतो. निरोगी स्तनपेशीवर त्याच्या साधारण २०,००० प्रती असतात. ज्या गाठीत त्याच्या जनुकाच्याच प्रती वाढतात, तिथे एकेका पेशीवर ही संख्या २० लाखांपर्यंत जाऊ शकते, आणि एवढी दाटी झाली की ही प्रथिने आपापसांत जोड्या जमवून पेशीला विभाजनाचा हुकूम देत राहतात. ३+ याचा अर्थ, विशिष्ट रंगद्रव्य वापरल्यावर गाठीतील १० टक्क्यांहून अधिक पेशींच्या पटलाची संपूर्ण कड गडद रंगली. २+ आले असते, तर जनुकाच्या प्रती मोजणारी फिश चाचणी करावी लागली असती.

जागा बदलण्याचे उदाहरण मला अधिक विलक्षण वाटते. पेशीपटल हा मेदाच्या रेणूंचा दुहेरी थर असतो, आणि फॉस्फॅटिडिलसेरीन नावाचा मेद निरोगी पेशी ऊर्जा खर्च करून सतत आतल्या थरातच ठेवते. पेशी मरणपंथाला लागली की तो बाहेरच्या थरात येतो आणि ते पाहून भक्षक पेशी तिला गिळतात. अनेक कर्करोगपेशी मात्र जिवंत असतानाच हा मेद बाहेर मिरवतात. त्यामुळे आसपासच्या प्रतिकारपेशी चेकाळण्याऐवजी शांत होतात. पटलावरच्या शर्करासाखळ्याही बदलतात : काही अर्धवट खुंटतात, तर काहींच्या टोकाला सायालिक आम्लाची भर पडते. काही वेळा रेणू नाहीसाच होतो, जसे शेजारच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारे ई-कॅडहेरिन. ते नसणे ही स्तनाच्या लोब्युलर (दूध तयार करणाऱ्या ग्रंथींतल्या) कर्करोगाची ओळखच मानली जाते.

‘तोच रेणू’ असण्याची अडचण उपचारात कशी उभी राहते, हे समजण्यासाठी आपल्या जवळच्या खारघरचे उदाहरण पुरेसे आहे. तिथल्या टाटा स्मारक केंद्राच्या अॅक्ट्रेक या कर्करोग संशोधन संस्थेचा सहभाग असलेली, आयआयटी मुंबईत विकसित झालेली आणि २०२३ मध्ये मान्यता मिळालेली कार-टी उपचारपद्धती (रुग्णाच्याच प्रतिकारपेशींत प्रयोगशाळेत बदल करून त्या परत देणे) काही रक्तकर्करोगांत पेशींवरचा सीडी-१९ हा रेणू हेरते. तो प्रतिपिंडे (अँटीबॉडी) बनवणाऱ्या निरोगी बी पेशींवरही असतो, त्यामुळे त्याही मारल्या जातात आणि रुग्णाची प्रतिपिंडे घटतात. बी पेशींशिवाय माणूस निभावून नेऊ शकतो. हृदयाच्या स्नायूंशिवाय नाही.

आपल्या प्रश्नातली इको तपासणी इथे येते. हृदयाच्या स्नायुपेशींवर हर-टू थोड्या प्रमाणात असते आणि ताण सोसताना त्यांना त्याच्या संदेशाची गरज लागते. औषध तो संदेशही अडवते. आधी किंवा सोबत डॉक्सोरुबिसिनसारखे केमोथेरपीचे औषध दिले असेल, तर धोका वाढतो. म्हणून उपचारापूर्वी एकदा आणि नंतर साधारण दर तीन महिन्यांनी इको करतात. हृदयाची रक्त ढकलण्याची क्षमता घटलेली दिसली, तर औषध काही काळ थांबवतात आणि बहुतेक रुग्णांत ती पुन्हा सुधारते. आईंना चालताना धाप लागली किंवा पायांवर सूज आली, तर पुढच्या इकोची वाट न पाहता डॉक्टरांना लगेच कळवावे.