जुनी व्हॅन देऊन छोटी स्पोर्टी गाडी घ्यावी का?

प्रश्न : आमच्याकडे चौदा वर्षांची सात आसनी व्हॅन आहे. मुले लहान होती तेव्हा तिने आमचा सगळा संसार वाहिला. आता दोन्ही मुले शिक्षण आणि नोकरीच्या निमित्ताने बाहेर आहेत आणि गाडीत बहुतेक वेळा मी एकटी किंवा आम्ही दोघेच असतो. सासूबाई आमच्याजवळ राहतात. त्यांचे गुडघे दुखतात आणि त्यांना अधूनमधून दवाखान्यात न्यावे लागते. मला गाडी चालवण्याची मनापासून आवड आहे आणि उघड्या टपाची दोन आसनी स्पोर्ट्‌स कार घेण्याची इच्छा कित्येक वर्षांपासून मनात आहे. माझ्या पतींना मात्र वाटते, की ५६व्या वर्षी अशी गाडी घेणे हे खूळ आहे आणि मुले घरी आली की आपण अडचणीत येऊ. एक डीलर व्हॅन एक्स्चेंजमध्ये घ्यायला तयार आहे. आम्ही काय करावे?

उत्तर : व्हॅन सोडण्याची वेळ आली आहे, हे तुमच्या पत्रावरून स्पष्ट दिसते आणि स्पोर्टी गाडी घेण्याची तुमची इच्छाही मला पूर्णपणे रास्त वाटते. परंतु घरात एकच गाडी राहणार असेल, तर ती दोन आसनी नसावी. सासूबाईंना दवाखान्यात नेताना तुम्ही दोघेही सोबत असायला हवेत, असा प्रसंग आज ना उद्या येणारच. त्या दिवशी तिसऱ्या माणसाला बसायला जागा नसलेली गाडी तुम्हाला नकोशी होईल आणि इतक्या वर्षांच्या हौसेवर विरजण पडेल. चार आसनांची, पाच दारांची, वजनाने हलकी आणि वळणांवर चपळ अशी हॅचबॅक घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

ही तडजोड आहे, असे वाटून घेऊ नका. चालवण्याचा आनंद आणि घरगुती उपयोग एकाच गाडीत असू शकतात, हे मोटारींच्या इतिहासाने फार पूर्वीच दाखवून दिले आहे. ॲलेक इसिगोनिस यांनी रचना केलेली मिनी १९५९मध्ये बाजारात आली तेव्हा ती जेमतेम तीन मीटर लांबीची, चार माणसांची, काटकसरीची गाडी होती. तिचीच कूपर आवृत्ती १९६४, १९६५ आणि १९६७ या वर्षी मॉन्टे कार्लो रॅलीत कितीतरी मोठ्या इंजिनांच्या गाड्यांना मागे टाकून पहिली आली. फोक्सवॅगनने १९७६मध्ये साध्या गोल्फमध्ये ११० अश्वशक्तीचे इंजिन बसवून जीटीआय काढली, तेव्हा सुरुवातीला केवळ ५,००० गाड्या बनवण्याचा बेत होता. प्रत्यक्षात त्या पहिल्या पिढीच्याच लाखो गाड्या खपल्या, कारण आठवडाभर घरची कामे करणारी आणि सुटीच्या दिवशी घाटरस्त्यावर मन रमवणारी एकच गाडी लोकांना हवी होती. तुमची गरज नेमकी हीच आहे.

हलक्या वजनाचा मी आग्रह धरतो, त्यामागे कारण आहे. सात आसनी व्हॅनचे वजन दीड टनाच्या वर, कधी पावणेदोन टनांपर्यंत असते, तर चांगली छोटी स्पोर्टी गाडी हजार ते तेराशे किलोंच्या आसपास असते. हा फरक केवळ पिकअपमध्ये जाणवत नाही. वळणावर गाडीला बाहेर फेकू पाहणारा जोर वजनाच्या प्रमाणात वाढतो. व्हॅन उंच असल्याने तिचा गुरुत्वमध्यही वर असतो आणि म्हणूनच ती वळताना एका बाजूला झुकते. छोटी, बुटकी गाडी त्याच वळणावरून सरळ उभी राहून जाते. जाहिरातीतल्या अश्वशक्तीच्या आकड्याला भुलू नये, असे मी वाचकांना नेहमी सांगतो. १९८९मध्ये आलेल्या माझदा एमएक्स-५चे इंजिन फक्त १.६ लिटरचे होते, पण गाडीचे वजन हजार किलोंच्या आत असल्याने ती जगातील सर्वाधिक खपाची दोन आसनी खुली स्पोर्ट्‌स कार ठरली. तुमच्या मनात आहे ती गाडी बहुधा याच जातीची असणार. तिचे मोठेपण मी मान्य करतो. पुढे कधी घरात दुसरी गाडी आली, तर तिचा विचार अवश्य करा.

आता सासूबाईंविषयी, कारण तुमच्या निर्णयाची खरी कसोटी तिथेच आहे. गाडी पाहायला जाताना त्यांना बरोबर न्या आणि त्यांना पुढच्या व मागच्या, दोन्ही आसनांवर बसवून पाहा. गुडघे दुखणारी व्यक्ती गाडीत आधी पाठमोरी होऊन टेकते, मग दाराच्या चौकटीला किंवा वरच्या मुठीला धरून एकेक पाय आत घेते. व्हॅनचे आसन कमरेच्या पातळीला असल्याने हे सहज जमते. स्पोर्टी गाडीत तीन ठिकाणी अडचण येते. आसन खाली असते, त्यामुळे बसताना शरीर अक्षरशः खाली सोडून द्यावे लागते आणि उठताना सगळा भार गुडघ्यांवर येतो. वळणावर चालकाला धरून ठेवण्यासाठी पुढच्या आसनांच्या कडांना जाड फुगवटे दिलेले असतात, त्यांच्यावरून सरकत आत जाणे वृद्ध माणसाला कठीण पडते. शिवाय तीन दारांच्या गाडीत मागे बसायचे म्हणजे पुढचे आसन दुमडून वाकून आत शिरावे लागते, जे तुमच्या घरी अजिबात चालणार नाही. पाच दारांच्या स्पोर्टी हॅचबॅकमध्ये मात्र मागचे आसन बहुधा साधेच असते आणि गाडीची उंची तिच्या घरगुती आवृत्तीपेक्षा फार तर एक-दोन सेंटीमीटर कमी असते. घरी व्हॅनच्या आसनाची जमिनीपासूनची उंची मोजून ठेवा, पसंत पडलेल्या गाडीचीही मोजा आणि सासूबाई कोणाच्या आधाराशिवाय उठू शकतात की नाही, हे स्वतः पाहा. त्यांची काठी किंवा वॉकर डिकीत मावतो का, हेही त्याच वेळी पाहून घ्या. विजेवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांची बॅटरी आसनांखालच्या तळाशी असल्यामुळे त्यांची बैठक थोडी उंच असते आणि पिकअप तत्काळ मिळतो. सासूबाईंच्या दृष्टीने त्या सोयीच्या ठरू शकतील, मात्र बॅटरीच्या वजनामुळे हलकेपणाचा गुण त्यात कमी होतो.

आरामाविषयी एक गोष्ट टायरच्या कडेलाच लिहिलेली असते. व्हॅनच्या टायरवर २१५/६५ असा आकडा असेल, तर त्याची रुंदी २१५ मिलिमीटर आणि बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे सुमारे १४० मिलिमीटर असते. स्पोर्टी गाडीवर २०५/४० टायर असतील, तर तीच भिंत ८२ मिलिमीटरची होते. रस्त्यातला खड्डा पचवणारे रबर आणि हवा इतकी कमी झाल्यावर उरलेला धक्का सस्पेन्शनला आणि शेवटी पाठीच्या कण्याला सोसावा लागतो. चाकाची रिम वाकण्याचा धोकाही वाढतो. तुम्ही निवडलेली गाडी एक इंच लहान रिम आणि जाड भिंतीच्या टायरसह मिळत असेल, तर तीच घ्या. दिसायला ती थोडी साधी वाटेल, पण तुमच्या घरातील तिन्ही माणसांना ती मानवेल.

तुमच्या पतींची काळजी मी हसण्यावारी नेणार नाही, पण तिचे उत्तर हिशेबातच मिळेल. गेल्या वर्षभरात व्हॅनमध्ये चारपेक्षा जास्त माणसे किती वेळा बसली आणि आसने दुमडून मोठे सामान किती वेळा नेले, हे दोघांनी मिळून आठवून कागदावर लिहा. असे प्रसंग हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच असतील, तर त्या दिवसांपुरती मोठी गाडी भाड्याने घेणे, हे वर्षभर मोठ्या गाडीचे इंधन, विमा, टायर आणि दुरुस्ती सोसण्यापेक्षा बहुतेक वेळा स्वस्त पडते. दुसऱ्या पारड्यात मात्र स्पोर्टी गाडीचे खर्चही प्रामाणिकपणे टाका. तिचा विमा महाग असू शकतो, म्हणून सौदा ठरवण्याआधीच विम्याचा आकडा मागवा. तिच्या इंजिनाला वरच्या प्रतीचे पेट्रोल लागते का, हे इंधन टाकीच्या झाकणावर पाहा. मऊ रबराचे टायर लवकर झिजतात, हेही लक्षात घ्या.

वयाच्या मुद्द्यावर मी ठाम आहे. गाडी चालवण्याची आवड वयाबरोबर ओसरलीच पाहिजे, असा कोणताही नियम नाही. इतकी वर्षे जड गाडी सांभाळून चालवलेल्या माणसाकडे जो अंदाज आणि संयम असतो, तो वेगवान गाडीच्या नव्या चालकाकडे क्वचितच आढळतो. एक मात्र सांगतो : व्हॅनमध्ये आवाजामुळे आणि डोलण्यामुळे वेग आपोआप जाणवतो, चपळ, बुटक्या गाडीत तो जाणवत नाही. थांबण्याचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ताशी ६०वरून ९० किलोमीटरवर गेलात, तर ब्रेक दाबल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर सव्वादोन पट होते. गाडी घेतल्यावर शक्य असल्यास बंदिस्त मैदानात जाणकार प्रशिक्षकासोबत एक दिवस घालवा, जोराचा ब्रेक मारून पाहा, ओल्या जमिनीवर गाडी कशी घसरते ते अनुभवा. पतींनाही बरोबर न्या आणि चाक त्यांच्याही हाती द्या.

वापरलेली गाडी घेणार असाल, तर टेस्ट ड्राइव्हला जाताना विक्रेत्याला इंजिन आधी सुरू करून ठेवू नका असे सांगा, कारण थंड इंजिन सुरू होतानाच त्याचे दोष बोलतात : निळसर धूर दिसला तर तेल जळते आहे. वरच्या गिअरमध्ये कमी वेगावरून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनाचा आवाज चढला आणि गाडीचा वेग मात्र वाढला नाही, तर क्लच संपत आला आहे. चारही टायर एकाच बनावटीचे आहेत का आणि आतल्या कडेला जास्त झिजले आहेत का, हे हात फिरवून पाहा. टायरच्या कडेवरील डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे त्याच्या निर्मितीचा आठवडा आणि वर्ष सांगतात, म्हणजे २३१९ असेल तर तो २०१९च्या तेविसाव्या आठवड्यातला. गाडी घसरू लागताच एकेका चाकाला स्वतंत्र ब्रेक लावून तिला सावरणारी स्थिरता यंत्रणा असल्याशिवाय गाडी घेऊ नका. आणि कोणी बाहेरून मोठा सायलेन्सर बसवून, इंजिनाचा संगणक बदलून अश्वशक्ती वाढवलेली गाडी दाखवली, तर ती कितीही आकर्षक वाटली तरी नाकारा. तिने किती जोर सोसला आहे, ते वरून कळत नाही.

राहिला एक्स्चेंजचा प्रश्न. डीलरशी बोलताना नव्या गाडीची किंमत आणि व्हॅनची किंमत हे दोन सौदे एकमेकांत मिसळू देऊ नका. व्हॅनला चांगली किंमत दिल्यासारखे दाखवून नव्या गाडीवरची सूट कमी करणे, ही या व्यवहारातली जुनी रीत आहे. व्हॅनचा उल्लेखही न करता आधी नव्या गाडीची अंतिम किंमत लेखी घ्या. त्यानंतर व्हॅनचा भाव विचारा आणि बाहेर दोन-तीन ठिकाणी तिला किती मिळते, याच्याशी तो ताडून पाहा. फरक थोडा असेल, तर एक्स्चेंजमध्येच द्या, कारण अनोळखी ग्राहकांच्या फेऱ्या आणि कागदपत्रांची धावपळ वाचते. फरक मोठा असेल, तर स्वतः विका, आणि मालकी अधिकृतपणे दुसऱ्याच्या नावावर झाल्याची खात्री होईपर्यंत विम्याला हात लावू नका.

प्रश्न : माझीही व्हॅन विकायची आहे. तिचे सस्पेन्शन खडखडते, एसी चालत नाही आणि मागच्या दारावर पोचा आहे. दुरुस्त करून विकावी, की आहे तशी?

उत्तर : मोठी दुरुस्ती करू नका, चौदा-पंधरा वर्षांच्या गाडीवर केलेला असा खर्च किमतीत सहसा पूर्ण भरून येत नाही. पोचाही तसाच राहू द्या, कारण नवा रंग दिसला की ग्राहकाला मोठ्या अपघाताचा संशय येतो. खडखडाट मात्र एकदा मेकॅनिकला दाखवा. पुष्कळदा तो स्टॅबिलायझर बारच्या झिजलेल्या रबरी बुशांचा असतो; ते स्वस्तात बदलून मिळतात आणि टेस्ट ड्राइव्हमध्ये गाडीविषयीचे मत पालटते. एसीमध्ये केवळ गॅस कमी झाला आहे की कॉम्प्रेसर गेला आहे, हे तपासून घ्या. कॉम्प्रेसर गेला असेल, तर तसे ग्राहकाला आधीच सांगा आणि भाव त्यानुसार लावा. गाडी आतून-बाहेरून स्वच्छ धुऊन, दुमडलेली मागची आसने उघडून आणि सर्व्हिसच्या पावत्या तारखेनुसार लावून ठेवल्यात, तर नवे कुटुंब तुमच्या व्हॅनसाठी नक्की पुढे येईल, कारण ज्यांची मुले आज लहान आहेत, त्यांना आसनांचीच गरज आहे.