जुन्या सीबी रेडिओच्या व्हॉल्यूम-स्क्वेल्चच्या वायरी तुटल्यात, कुठली कुठे जोडायची?

सोलापुरात जुन्या बाजारातून आणलेल्या 40 चॅनेलच्या सीबी (सिटिझन्स बँड, 27 मेगाहर्ट्झवर एकमेकांशी बोलायचा रेडिओ) सेटमध्ये व्हॉल्यूम आणि स्क्वेल्च (सिग्नल नसताना खरखर दाबणारा नॉब) यांच्या मागच्या वायरी लोंबतायत, असं तुम्ही लिहिलंय. आधी सांगतो, सप्लाय देऊ नका. त्यातल्या एका वायरीवर थेट बॅटरीचे व्होल्ट येतात. ती चुकून पॉटच्या (नॉबमागच्या बदलत्या रेझिस्टरच्या) पायाला लागली, तर आतला कार्बनचा पट्टा जळू शकतो.

बहुतेक सेटमध्ये ऑन-ऑफ स्विच व्हॉल्यूमच्या पाठीलाच असतो. पॉटचे तीन पाय, स्विचचे दोन. मल्टिमीटर बझरवर ठेवून नॉब फिरवा. 'टक्' झाल्यावर ज्या दोन पायांत बीप वाजते ते स्विचचे. फ्यूजकडून येणारी लाल वायर एकाला, बोर्डाकडे जाणारी दुसऱ्याला; ही जोडी उलटी लागली तरी बिघडत नाही.

पॉटच्या तीन वायरींपैकी एक ग्राउंड, दुसरी डिटेक्टरकडून (रेडिओलहरीतून आवाज वेगळा काढणाऱ्या भागाकडून) येणारा सिग्नल, आणि मधल्या पायाची ऑडिओ आयसीकडे जाते. ग्राउंड पत्र्याच्या बॉडीशी तपासू नका, काही सेटमध्ये बोर्डाचं ग्राउंड बॉडीपासून वेगळं ठेवलेलं असतं. सप्लायच्या काळ्या वायरीशी तपासा. मग फक्त स्विच जोडून, 2 अँपिअरचा फ्यूज घालून सेट चालू करा. स्क्रूड्रायव्हरचं धातूचं टोक बोटाने धरून सुट्या वायरीला लावा. स्पीकर गुणगुणला की ती मधल्या पायाची. सगळं जोडल्यावर नॉब उजवीकडे फिरवून आवाज कमी होत असेल, तर कडेच्या दोन वायरी अदलाबदल करा.

काहीच गुणगुणलं नाही तर लगेच आयसीला दोष देऊ नका. स्क्वेल्चची वायर तुटलेली असली तर सेट ऑडिओच बंद ठेवू शकतो. दुसरं, 4 पिनच्या माइकच्या अनेक सेटमध्ये स्पीकरचा परतीचा मार्ग माइकच्या बटणातून जातो, त्यामुळे माइक लावल्याशिवाय सेट मुका. पीए-सीबी (लाउडस्पीकर की रेडिओ) स्विच सीबीवर आहे का, तेही बघा. स्क्वेल्चच्या वायरी मात्र अंदाजाने जोडू नका. मॉडेल नंबरवरून सर्किट डायग्राम शोधा. पॉट बदलावा लागला तर त्यावरचा आकडा आणि अक्षर तेच घ्या. साधारणपणे ए म्हणजे लॉग, बी म्हणजे लिनिअर.

डागायला 25 वॅटचं सोल्डरिंग आयर्न आणि 60/40 शिसं (सोल्डर) पुरे. पाय आधी खरवडून घ्या, वायर 4-5 मिलिमीटरच सोला, श्रिंक ट्यूब आधीच ओवून ठेवा (हे हमखास विसरतं). शिसं तारांत वर चढलं की वायर तिथे कडक होते आणि गाडीच्या धक्क्यांनी नेमकी त्याच टोकाला तुटते. म्हणून वायरींची जुडी जवळच बांधून टाका. जाळीची वायर असेल तर जाळी मुळात जिथे होती तिथेच; साधी वायर घातलीत तर हम (सततची गुणगुण) येईल.

अँटेनाशिवाय माइकचं बटण दाबू नका, फायनल (प्रक्षेपणाचा शेवटचा) ट्रान्झिस्टर जाऊ शकतो. 100 ओहमचे 3 वॅटचे दोन मेटल फिल्म रेझिस्टर समांतर जोडून 50 ओहमचा डमी लोड (तपासताना अँटेनाऐवजी लावायचा) करा. वायरवाउंड चालणार नाहीत, ते कॉइलसारखे वागतात. आपल्याकडे विनापरवाना सूट 26.957 ते 27.283 मेगाहर्ट्झपर्यंत आणि 5 वॅटपर्यंतच आहे, तीही अंगभूत अँटेनाच्या सेटला. अमेरिकी सेटचा चॅनेल 28 म्हणजे 27.285, तिथून पुढे बाहेरच.

आणि अक्कलकोट रोडच्या लूमच्या शेडजवळ बसून स्क्वेल्च तपासू नका. लूमच्या मोटारींच्या खरखरीने चांगलं स्क्वेल्चही बिघडलेलं वाटेल.