दुकानदार एकच ब्रँड पुढे करतो, घ्यावा का?

प्रश्न: आमच्या जवळचा टायरवाला एकाच कंपनीचे टायर ठेवतो, म्हणतो डोळे झाकून घ्या. घेऊ का?

उत्तर: डोळे झाकून तर काहीच घेऊ नका! एकच ब्रँड ठेवतो म्हणजे तो फसवतोच असं नाही, डीलरशिप असते, मार्जिन बरं मिळतं, आणि वॉरंटीचा क्लेम आला तर तोच पुढे पाठवतो, हा तुमचाही फायदाच. पण ब्रँडच्या आधी टायरची बाजू बघा. तिथे DOT (डॉट) या इंग्रजी अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते, तिच्या शेवटी चार आकडे असतात, समजा 2324, म्हणजे 2024 च्या 23व्या आठवड्यात बनलेला. दुकानात दोन-तीन वर्षं पडून राहिलेला माल असेल तर सरळ दुसरा मागा, लाजायचं काय त्यात. मग साइज, आणि त्यापुढचा 88एच सारखा कोड, म्हणजे एका टायरवर 560 किलो वजन आणि ताशी 210 किमी वेग, हा गाडीच्या मॅन्युअलपेक्षा कमी नको. दोनच बदलणार असाल तर नवे मागे टाका, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी, कारण ओल्या रस्त्यावर मागची चाकं घसरली की गाडी गरकन फिरते. चाकांचं बॅलन्सिंग, म्हणजे चाक थरथरू नये म्हणून वजन समतोल करणं, तिथेच करून घ्या.